जर्मन पोर्सेलिन यंत्रांनी मारले, हे खरे नाही

जर्मन पोर्सेलिनविषयी (चिनी मातीच्या पांढऱ्या, चकचकीत भांड्यांविषयी) एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे सार असे : १७१० मध्ये जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्याला हाती लागलेल्या, पोर्सेलिन बनवण्याच्या गुपितावर जर्मनांनी दोन शतके गुजराण केली, मग यंत्रे आली, हातची कला संपली आणि उरली ती स्वस्त नक्कल.

गुपित दहा वर्षेही टिकले नाही. १७१८ मध्येच व्हिएन्नात दुसरा कारखाना निघाला आणि माइसेनहून फुटलेल्या कारागिरांनी तो चालता केला.

गुजराणीचा मुद्दाही टिकत नाही, कारण एकोणिसाव्या शतकातली मोठी वाढ राजाश्रयाच्या माइसेनपासून दूर, बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या झेल्बच्या परिसरात झाली. १८५६ च्या आगीत विणकरांचे हे गाव बेचिराख झाले आणि पुढच्याच वर्षी लोरेन्त्स हुचेनरॉयटरने तिथे कारखाना घातला. बोहेमियातली (आजच्या चेक प्रजासत्ताकातली) केओलिन, म्हणजे पोर्सेलिनची पांढरी माती, आणि कोळसा शेजारीच होता; पुढे रेल्वे आली आणि माल दूर जाऊ लागला.

यंत्रांनी कला मारली, हा आक्षेप मात्र नीट तपासायला हवा. माइसेनचा रसायनज्ञ क्यून याने १८३० च्या सुमारास भट्टीतूनच चकाकत बाहेर येणारा सोनेरी मुलामा तयार केला, आणि अकीक दगडाने तासन्‌तास घासण्याचे काम वाचले. सोनेरी काठाची बशी त्यामुळे मध्यमवर्गाच्या टेबलावर आली. हा मुलामा जुन्या सोन्याइतका टिकाऊ नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. याउलट माइसेनच्या निळ्या कांदा नक्षीत (तिच्यात कांदा नाही, डाळिंबासारखी फळे आहेत) चितारी आजही एकदाच भाजलेल्या, सच्छिद्र भांड्यावर कोबाल्टचा रंग हाताने लावतो; तो क्षणात शोषला जातो, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही.

नक्कल झाली, यात वाद नाही. ही नक्षी इतक्या कारखान्यांनी उचलली की माइसेनने नक्षीतल्या बांबूच्या बुडाशी आपली खूण असलेल्या निळ्या तलवारी रंगवायला सुरुवात केली. पण त्याच कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी रीमरश्मिड आणि व्हान द व्हेल्ड या नव्या शैलीच्या रचनाकारांकडून नवे जेवणाचे संच आखून घेतले, हे त्या मजकुरात येत नाही.

बशीपलीकडचे पोर्सेलिनही त्यात नाही : १८९१ मध्ये जर्मनीतल्या लाउफेनहून फ्रांकफुर्टला सुमारे १७५ किलोमीटर वीज गेली, तेव्हा खांबांवरच्या तारा पोर्सेलिनच्या विद्युतरोधकांवरच टेकलेल्या होत्या.