पाण्याचा पाय चार्ट

बैठकीत परत तेच! मराठवाड्यातल्या धरणांच्या पाणीसाठ्याचा पाय चार्ट, म्हणजे एका गोलाचे तुकडे पाडून हिस्से दाखवणारा तक्ता, तोही थ्रीडी. अरे बाबांनो, जायकवाडी, येलदरी, मांजरा यांची टक्केवारी ज्याच्या त्याच्या क्षमतेची. तिचे एकाच भाकरीचे तुकडे कसे पाडता? बेरीज १०० तरी होते का? साध्या आडव्या पट्ट्या काढा ना!

म्हणजे, काढल्या होत्या मागच्या बैठकीत. पण अक्ष, म्हणजे पट्ट्यांखालची आकड्यांची मोजपट्टी, सुरू कुठून, तर शून्याऐवजी ४० पासून! ४१ टक्क्यांशेजारी ४५ पाचपट दिसायला लागले. वर मथळा काय, 'तक्ता क्र. ३'.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथल्या माणसाला एवढंच कळायला पाहिजे, की आहे ते पाणी किती दिवस पुरतंय. तेवढं सोडून सगळं आहे. रंग तर चौदा!