दाजी, गच्चीवर या!

आमच्या दाजींनी रविवारी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली माझ्या भाच्यासाठी, म्हणजे स्वतःच्याच लेकासाठी, लिहिलं, 'आता तरी जागरणं बंद कर.' फॉरवर्डमधला दावा असा: गुरू ग्रहावरचा मोठा लाल डाग, म्हणजे तिथलं प्रचंड वादळ, २०१९ मध्येच फुटून संपला, नासा ते लपवतेय आणि हौशी आकाशनिरीक्षक दाखवतात ते फोटो कॉम्प्युटरवर बनवलेले असतात. पोरगा दहावीत आहे. तेव्हापासून त्याने दुर्बिणीवरचं फडकं काढलेलं नाही. मला राग आलाय तो याचा.

डाग आक्रसतोय, हे खरं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो सुमारे ४१,००० किमी लांब होता, २०१४ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीच्या मोजणीत १६,५०० किमी भरला. २०१९ मध्ये त्याच्या कडेचे लाल पापुद्रे सुटले, हेही खरं. पण वरचे ढग सोलले गेले म्हणून वादळ संपत नाही. गुरूच्या अभ्यासासाठी पाठवलेल्या नासाच्या जूनो यानाच्या मोजणीनुसार ते ढगांखाली ३०० ते ५०० किमी खोल गेलंय. आणि ते पापुद्रे टिपले कुणी? ऑस्ट्रेलियाच्या अँथनी वेस्लींसारख्या हौशी निरीक्षकांनीच! त्यांच्याच फोटोंवर बोंब मारायची आणि त्यांनाच खोटं ठरवायचं?

'बनवलेले फोटो' म्हणजे काय, ते मी शेजारी बसून पाहिलंय. आपल्याकडची हवा हलत असल्याने पडद्यावर गुरू पाण्याखालच्या नाण्यासारखा थरथरतो. भाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतो, कारण ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, जास्त वेळ घेतला तर तपशील पुसट होतात. मग हजारो फ्रेममधल्या स्थिर तेवढ्या निवडून एकावर एक रचतो. यात नसलेलं काही घुसडलेलं नसतं.

लपवण्याचं म्हणाल, तर ३१ मे २०२० ला दक्षिण आफ्रिकेतले हौशी निरीक्षक क्लाइड फॉस्टर यांना लाल डागाजवळ एक नवाच ठिपका दिसला. काही तासांपूर्वी ऑस्ट्रेलियातून घेतलेल्या फोटोंत तो नव्हता. दोनच दिवसांनी जूनो गुरूजवळून गेलं, त्याच्या कॅमेऱ्यातही तो आला. ही माहिती नासानेच जाहीर केली, आणि त्या ठिपक्याला 'क्लाइडचा ठिपका' म्हणतात.

दाजी, लाल डाग आपल्या बाजूला कधी येणार, त्या वेळा तुमच्या लेकाने वहीत काढून ठेवल्यात. त्याला विचारा आणि त्या रात्री त्याच्याबरोबर गच्चीवर या.