कादंबरी पुरस्कार काढताय? मग आधी हे वाचा

नागपुरात राहता, हाती थोडी देणगी आहे आणि विदर्भाच्या साहित्यासाठी काहीतरी करायचंय? एखाद्या दिवंगत लेखिकेच्या नावाने कादंबरी पुरस्कार काढा. तिची पुस्तकं पुन्हा छापायच्या भानगडीत मात्र पडू नका. छापली की लोक वाचतात, आणि वाचली की बाईंनी नेमकं काय लिहिलंय ते उघडकीला येतं.

बाई निवडताना जपून. वाशीमच्या गीता साने सोयीच्या वाटतील, पण त्यांची 'निखळलेली हिरकणी' 1936 ची आणि त्यांचा रोख थेट लग्नव्यवस्थेवर. तेव्हा पत्रिकेत 'स्त्रीमनाचे हळुवार पदर उलगडणाऱ्या' एवढंच छापा. हे विशेषण कुठल्याही लेखिकेला चालतं, त्यासाठी काही वाचावं लागत नाही.

कुणीतरी कुसुमावती देशपांडे सुचवेलच. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा धांडोळा घेणाऱ्या समीक्षक, 1961 च्या ग्वाल्हेर संमेलनाच्या अध्यक्ष, आणि तो मान मिळालेल्या पहिल्याच बाई. (दुसऱ्या बाई अध्यक्ष व्हायला 1975 उजाडलं. घाई केली, असं कुणी म्हणू नये.) तुम्ही परिचयाची सुरुवात 'कवी अनिलांच्या पत्नी' अशी करा, बाकीचं वेळ उरला तर. त्या 1961 मध्येच गेल्या, म्हणजे साठ वर्षांचा स्वामित्वहक्क 2021 अखेर संपला. त्यांच्या कथा आता कुणालाही छापता येतात, ही गोष्ट समितीच्या बैठकीत काढू नका.

खरी कसोटी नियमावलीची. पुरस्कार 'फक्त वैदर्भीय लेखकांसाठी'; पण वैदर्भीय कोण? पुरुषाचं सोपं आहे. नोकरीपायी सगळी हयात मुंबईत काढली तरी तो 'मूळचा आपल्या अकोल्याचा'. बाई लग्न करून ठाण्याला गेली की 'आता तिकडच्या झाल्या'. आणि ठाण्याची मुलगी सून होऊन धरमपेठेत आली, इथेच म्हातारी झाली, तर 'छान लिहितात हो, पण इकडच्या नाहीत'. एवढी चाळणी लावली की बायकांच्या प्रवेशिका आपोआप कमी होतात आणि परीक्षकांचे डोळे वाचतात. संवादात वऱ्हाडी असल्यास कौतुक करा. निवेदनातही असेल तर 'भाषेवर अजून मेहनत हवी' असा शेरा मारा.

पाहुण्या म्हणून एखादी स्पष्ट बोलणारी लेखिका नको. यवतमाळच्या 2019 च्या संमेलनात नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं बोलावणं गेलं आणि मग मागे घेतलं गेलं. त्यापेक्षा नगरसेवक बरे, ते पाच मिनिटांत निघून जातात.

सांबारवड्या आभारप्रदर्शनानंतरच वाढा. आधी वाढल्या तर बाईंवरचं भाषण ऐकायला सभागृहात फक्त त्यांचे नातेवाईक उरतील, आणि त्यांच्यातल्या एखादीने कादंबऱ्या वाचलेल्या असू शकतात.