टोंटोला 'होयबा' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'द लोन रेंजर' या अमेरिकी मालिकेतला मुखवटाधारी नायकाचा मूलनिवासी साथीदार टोंटो, आणि पडद्यावर तो साकारणारा नट जे सिल्व्हरहील्स, यांच्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "गोऱ्या नायकाच्या मागे घोडा हाकणाऱ्या, धड वाक्यही न बोलणाऱ्या होयबाचं एवढं कौतुक कशासाठी?" असं तुम्ही विचारलंय. शिवाय लेखात मी 'रेड इंडियन' लिहिलं, त्यालाही तुमची हरकत आहे. ती हरकत पूर्ण मान्य. जे सिल्व्हरहील्स मोहॉक या मूलनिवासी जमातीचा होता, १९१२ साली कॅनडाच्या ओंटारिओतल्या सिक्स नेशन्स या मूलनिवासींच्या वस्तीत जन्मलेला. तसंच लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

'होयबा' मात्र मला पटत नाही.

'द लोन रेंजर' १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या रेडिओवर सुरू झाली. तिथे टोंटोचा आवाज एका गोऱ्या नटाचा होता. ती मोडकीतोडकी वाक्यं आणि स्पॅनिशमध्ये 'मूर्ख' असा अर्थ होणारं ते नाव, दोन्ही तिथलीच. १९४९ मध्ये मालिका टीव्हीवर आली तेव्हा सोळा वर्षं मुरलेलं पात्र सिल्व्हरहील्सच्या वाट्याला आलं. त्याआधी लॅक्रॉसची (जाळीच्या काठीनं चेंडू खेळायच्या खेळाची) मैदानं, मुष्टियुद्धाचं रिंगण, मग हॉलिवूडमध्ये गर्दीतली आणि स्टंटची कामं. 'सिल्व्हरहील्स' हे लॅक्रॉस खेळतानाचंच टोपणनाव, खरं आडनाव स्मिथ. मालिकेचे २२१ भाग झाले. मधल्या काळात मुखवट्यामागचा नायक बदलला, क्लेटन मूरच्या जागी जॉन हार्ट आला, तरी टोंटो तोच राहिला.

आणि धड वाक्याबद्दल. १९५० चा 'ब्रोकन ॲरो' हा चित्रपट बघा. त्यात सुरुवातीलाच निवेदक सांगतो की अपाची या मूलनिवासी जमातीची माणसं आपल्याला कळेल अशा भाषेत बोलतील. सिल्व्हरहील्स त्यात अपाची लढवय्या जेरोनिमो आहे. गोऱ्यांशी तह करायचा नाही म्हणून अपाची प्रमुख कोचीसपासून वेगळा होणारा जेरोनिमो. ताठ मानेनं, सलग, पूर्ण वाक्यांत बोलतो. म्हणजे टीव्हीवर टोंटोची अर्धीमुर्धी वाक्यं म्हणणारा नट त्याच सुमारास मोठ्या पडद्यावर हे करून दाखवत होता. जीभ त्याची अडखळत नव्हती, संवाद लिहिणाऱ्यांना टोंटोच्या तोंडी तेवढंच हवं होतं. त्याच चित्रपटात समजूतदार कोचीसची मोठी भूमिका कुणाकडे गेली? ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या जेफ चँडलरकडे, आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मला राग येतो तो इथे. तुमचाही राग मुळात याच व्यवस्थेवर असावा, पण तो निघाला तिच्यात राबलेल्या माणसावर.

भूमिका नाकारायला हवी होती, असं तुम्ही म्हणता. नाकारली असती तर टोंटोही कुणा गोऱ्या नटाला तपकिरी रंग फासून उभा केला असता. त्या काळी सर्रास तेच चालायचं. त्यानं मिळालेलं नाव पुढे कामाला लावलं. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये इंडियन ॲक्टर्स वर्कशॉप उभं करण्यात तो पुढे होता. मूलनिवासी तरुणांना तिथे अभिनय शिकायला मिळायचा, कारण त्यांच्या भूमिका त्यांनीच कराव्यात हा त्याचा आग्रह होता. होयबा माणूस हे करत नाही.

१९८० मध्ये तो गेला. त्याच्या अस्थी सिक्स नेशन्सलाच नेल्या.

'ब्रोकन ॲरो'तला जेरोनिमो वेगळा होतो तो प्रसंग एकदा बघा आणि मग पुन्हा लिहा. मतभेद राहिले तरी चालेल, मी वाट बघते.