व्हॅटिकन संग्रहालयाच्या रात्रीच्या टूरवरच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर (मी स्वतः लिहितेय)

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री माझ्या मुलीने दाखवला. आज दुपारी ऑफिसचं शटर अर्धं ओढून उत्तर लिहायला बसलेय. आधी माफी मागते, आणि ती मनापासून आहे. तुमच्या आईंना त्या रात्री फार चालावं लागलं, त्यांच्यासाठी व्हीलचेअरचं मी आधीच विचारायला हवं होतं, राहिलं. आणि सिस्टीन चॅपलमध्ये, म्हणजे मायकेलअँजेलोने छत रंगवलेल्या त्या प्रार्थनागृहात, फोटो काढू देत नाहीत हे बुकिंग घेतानाच तोंडी सांगायला हवं होतं. आमच्या पीडीएफमध्ये ते सातव्या पानावर आहे, आणि सातव्या पानापर्यंत कोणी जात नाही हे मला कळायला हवं होतं. या दोन्ही चुका आमच्या, त्यावर मी एका शब्दाने वाद घालणार नाही.

पण "दोन तासांचे पैसे घेतले आणि सव्वा तासात बाहेर काढलं, सरळ लूट आहे" असं जे तुम्ही लिहिलंत त्यावर गप्प बसणं मला जमत नाहीये. सतरा वर्षं झाली, मी आणि माझे यजमान कर्वे रोडवरच्या या एका खोलीतून हा सहलींचा व्यवसाय करतोय, आमचं होर्डिंग नाही की पेपरात पानभर जाहिरात नाही, एकाने दुसऱ्याला सांगितलं म्हणून चार घरं येतात, आणि आता ती सांगितलेली माणसंसुद्धा आधी फोनवर स्टार बघतात. तुमचा रिव्ह्यू आल्यावर दिवाळीच्या ग्रुपमधल्या एका कुटुंबाचा फोन आला, "आम्ही जरा थांबतो" म्हणाले. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तर वेळेचं. त्या रात्रीचा आमचा स्लॉट सव्वाआठ ते सव्वादहा होता. संग्रहालय आठला बंद होतं, आतली माणसं बाहेर पडतात, मग आपल्याला आत घेतात. चौदा जणांची नावं आधी दिलेली असतात आणि सगळ्यांनी एकदम आत जायचं असतं, चार आले की चार सोडले असं तिथं चालत नाही. म्हणून सगळ्यांना सातपन्नासला व्हियाले व्हॅटिकानोवर, त्या उंच भिंतीच्या खाली, गेटसमोर जमायला सांगितलं होतं. सकाळी नाश्त्याला सांगितलं, दुपारी ग्रुपवर टाकलं. तुम्ही चौघं कोला दि रिएन्झोला खरेदीला गेला होतात, त्यात काही चूक नाही, इटलीत आलं की चामड्याची पर्स घ्यावीशी वाटतेच, मी स्वतः दोन घेतल्यात. पण सातचाळीसच्या माझ्या मेसेजवर दोन निळ्या टिका आल्या आणि उत्तर आलं नाही. आठपाचला फोन केला तर "दहा मिनिटांत पोचतो" म्हणालात. आठबावीसला वहिनींनी उचलला, तेव्हा पिझ्झा नुकता टेबलावर आला होता. तुम्ही गेटवर आलात तेव्हा आठ वाजून पन्नास मिनिटं झाली होती. बाकीचे दहा जण, त्यात बहात्तर वर्षांचे एक काका, सव्वाआठनंतरही पस्तीस मिनिटं फुटपाथवर उभे होते, आणि मी दारावरच्या माणसाला हात जोडत होते की अजून पाच मिनिटं थांबा. सव्वादहाला दार बंद म्हणजे बंद, ते काही माझ्या हातात नाही. आता आठपन्नास ते सव्वादहा किती होतात ते तुम्हीच मोजा सर. ती पस्तीस मिनिटं आम्ही खाल्ली नाहीत.

आणि त्या दहा जणांचीही तेवढीच मिनिटं गेली. त्यातल्या एकानेही आजपर्यंत मला बोल लावला नाही, हेही इथे लिहून ठेवते.

चॅपलमध्ये "जेमतेम बारा मिनिटं" मिळाली असं लिहिलंय, ते तर अजिबात बरोबर नाही. उशीर झाला म्हणून आमच्या गाइडने लाओकून वगैरे पुतळ्यांचं अंगण पूर्ण गाळलं, राफाएलच्या दालनांमध्ये फक्त त्याच्या 'स्कूल ऑफ अथेन्स' या चित्रासमोर थांबवलं, आणि हे सगळं कशासाठी, तर चॅपलची वेळ कमी होऊ नये म्हणून. अर्धा तास होतो आपण आत. मी घड्याळ बघत होते कारण तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता की उद्या यावरून ऐकावं लागणार.

सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे शेजारचं ते मोठं चर्च, दाखवलं नाही, हीसुद्धा तक्रार आहे. ते संध्याकाळी सात-सव्वासातला बंद होतं, रात्रीच्या टूरमध्ये ते कधीच नसतं, म्हणून तर त्याच दिवशी सकाळी आपण रांग लावून ते बघून आलो होतो.

आता पैशांचं. "दिवसा वीस युरोत जे दिसतं त्याचे माणशी ३१ हजार". हो, दिवसाचं तिकीट वीस युरो आहे, ऑनलाइन बुक केलं तर पाच वर. आणि रात्री नवीन काही दिसत नाही, तीच चित्रं, तेच छत, हे मी बुकिंगच्या वेळी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगितलं होतं. रात्रीचे पैसे माणशी तिकिटाचे नसतात, अख्ख्या ग्रुपसाठी दार उघडायचे असतात, त्यात गाइडची रात्रीची फी आणि परतीची गाडी. हे सगळं चौदा जणांत वाटलं की आमच्या हातात माणशी दोन हजारसुद्धा राहत नाहीत. तुम्ही जो "वरून लावलेला छुपा चार्ज" म्हणताय तो टीसीएस आहे, म्हणजे परदेशी सहलीवर आम्हाला सरकारसाठी घ्यावा लागणारा कर, तो आमच्या खिशात येत नाही, तुमच्याच पॅनवर जमा होतो, आयकराच्या तुमच्या खात्यात दिसेल, रिटर्न भरताना परत मागता येतो, सीएंना विचारा. छुपा शब्द फार लागला हो.

मग ३१ हजार कशाचे, तर शांततेचे. व्हॅटिकनच्या संग्रहालयात वर्षाला साठ लाखांच्या वर माणसं येतात. दिवसाचं चॅपल म्हणजे गणपतीत दगडूशेठसमोरचा रस्ता डोळ्यासमोर आणा, खांद्याला खांदा, मागून रेटा, पुढे चला पुढे चला, आणि मधूनच रखवालदार ओरडतात "सिलेन्झिओ". दिवसा गाइडला आत बोलायची परवानगी नाही, सगळं बाहेरच्या फलकांवर समजावून सांगायचं आणि आत जाऊन आठवायचं. त्या रात्री तुमच्या मुलीने आतच विचारलं की हे उताणं झोपून रंगवलं का, आणि गाइडने तिथल्या तिथे छताकडे बोट करून सांगितलं की नाही, मायकेलअँजेलो परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून रंगवत होता, १५०८ ते १५१२, चार वर्षं. मग तो काळा पडलेला छोटा तुकडा दाखवला, छत साफ करताना मुद्दाम तसाच ठेवलेला, शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांच्या काजळीने सगळं छत कसं झालं होतं ते कळावं म्हणून. जमिनीपासून वीस मीटर वर आहे ते, दिवसाच्या रेटारेटीत मान वर करून तो तुकडा शोधायला कोण थांबू देणार? नकाशांच्या दालनात एकशेवीस मीटरची ती लांब खोली, दोन्ही बाजूंना १५८०च्या दशकातले चाळीस नकाशे, आणि आपल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मी सतरा वर्षांत तिथे कितीदा गेले तरी तो आवाज आला की अंगावर काटा येतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय, "यापेक्षा आपलं केळकर संग्रहालय बरं". ते बरंच आहे सर, त्यात काय वाद. एका माणसाने गावोगाव हिंडून, आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं ते घर आहे, अडकित्ते, दिवे, वाद्यं, मस्तानी महाल, मी लहानपणापासून जातेय. पण तिथेही शाळेची सहल असताना जा आणि मग भर पावसाळ्यात मधल्या वारी दुपारी एकटे जा, आणि सांगा दोन्ही वेळा तोच अडकित्ता दिसला का.

सगळ्यांनी रात्रीची टूर घ्यावी असं मी म्हणत नाही. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण लिहिते. लहान मुलं असतील, रोममध्ये दोनच दिवस असतील, चित्रांची फारशी आवड नसेल, फोटो हवेच असतील, तर हे पैसे घालू नका, सकाळी आठचा पहिला स्लॉट घ्या, पुष्कळ झालं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं पण त्या गर्दीत आई-वडिलांना नेऊ नका. ज्यांना एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहायला आवडतं त्यांनी घ्यावी, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये. तुम्हाला हे मी फोनवर सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात आईची इच्छा आहे, एकदाच होणार, करून टाकू. मला ते फार आवडलं होतं.

आणि आईंचं म्हणाल तर त्या कडेच्या बाकावर बसल्या होत्या, समोर भिंतीवरचं 'लास्ट जजमेंट' हे चित्र, मी पाणी द्यायला गेले तर म्हणाल्या, आत्ता नको, बघू दे. किती वेळ तशाच बसून होत्या. त्यांना एकदा विचारा सर, टूर वाया गेली का. त्या नाही म्हणाल्या तर एक स्टारचे दोन करा, हो म्हणाल्या तर राहू द्या तसंच, मी परत विषय काढणार नाही.

पुढच्या ग्रुपपासून बुकिंगच्या फॉर्मवर व्हीलचेअरचा प्रश्न टाकतोय, फोटोचं पहिल्या पानावर घेऊ, आणि जमायच्या वेळेचं पण काहीतरी करावं लागेल, बघतो. परतीच्या गाडीचे चौघांचे सहा हजार उद्या तुमच्या खात्यावर पाठवतेय. टूरचे म्हणून नाही, आईंना जे चालावं लागलं त्याचे.

आणि "दारात मुलीचा कपड्यांवरून अपमान झाला" हे लिहिलंय, तर खांदे उघडे असले की तिथे कोणालाही आत सोडत नाहीत, राजा असो की रंक. तिला मी माझी ओढणी दिली होती, ती तिच्याकडेच राहिली आहे. राहू दे तिला, परत पाठवू नका, तिला छान दिसत होती.