पालापाचोळा म्हणजे कचरा नव्हे, किती वेळा सांगायचं?

आज सकाळी पुन्हा तेच. बागेच्या कोपऱ्यात पोचले तर धूर. चार रविवार राबून आम्ही सहा-सात जणांनी झाडांच्या आळ्यांत पाचोळा अंथरला होता. तो कुणीतरी खराट्याने खरवडून काढला, एका झाडाच्या बुंध्याशीच ढीग लावला आणि दिली काडी. वर मलाच ऐकवलं, "अहो, किती घाण साचली होती, साफ करून टाकलं!" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

घाण? ती पानं त्याच झाडांची आहेत! मुळांनी मातीतून ओढलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पानांत जातं, पान गळून कुजलं की पुन्हा मातीत येतं. जंगलात कोण जातं खत घालायला? पेटवलं की त्यातला बहुतेक नत्र धुराबरोबर उडून जातो आणि उरलेली राख वाऱ्यावर. धूर कुठे जातो, तर सकाळी फिरायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत. पीएम २.५ म्हणतात तो कण २.५ मायक्रॉन किंवा त्याहूनही लहान असतो, तो नाकात अडकत नाही, थेट फुफ्फुसात खोल जातो. आणि याला स्वच्छता म्हणायचं!

आम्ही काय हौस म्हणून पानं पसरतो? नळ लांब आहे. बादल्या वाहून वाहून खांदे भरून येतात. दोन-तीन इंचांचा थर, खोडापासून चार बोटं मोकळी सोडून घातला, की ऊन थेट मातीवर पडत नाही आणि ओल टिकते. मागच्या रविवारी मी पाचोळा बाजूला सारून बोट खुपसलं होतं. आत माती गार, मऊ, गांडुळांनी टाकलेल्या बारीक काळ्या गोळ्यांनी भरलेली. तिथून दोन हातांवर उघडी जमीन होती, तिच्यात खुरपं जाईना. एवढा फरक डोळ्यांना दिसतो, पण बघायला वाकायला तर हवं ना.

आणि ते झाड! चार वर्षांचं आहे. लावलं त्या दिवशी माणसं मावत नव्हती, सगळ्यांना रोपाला हात लावून फोटो हवा होता. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालायला आम्ही तिघं. ते चालवून घेतलं एकवेळ. पण जे जगवलंय ते जाळू तरी नका!

झाडाचा वाढीचा थर सालीच्या लगेच आत असतो, अगदी पातळ. साधारण ६० अंश सेल्सिअसला तिथल्या पेशी मरतात आणि पाचोळ्याची आग त्याच्या कितीतरी वर जाते. जून झाडाची जाड साल थोडाफार चटका सोसते, कोवळ्या झाडाला कुठली आलीये जाड साल? बरं, हे लगेच कळतही नाही. आतल्या लाकडातून पाणी वर चढत राहतं, म्हणून पानं काही दिवस हिरवीच दिसतात. पण पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं, आणि तो थर खोडाला वेढा घालून जळला की मुळं उपाशी मरतात. मग महिना-दोन महिन्यांनी झाड वाळलं की हीच माणसं म्हणणार, "तुम्ही लोक नुसती झाडं लावता, पुढे बघत नाही."

नको असेल डोळ्यांसमोर पाचोळा, तर कोपऱ्यात आम्ही खड्डा खणलाय, त्यात टाका. त्या खड्ड्यातून आतापर्यंत किती प्लॅस्टिकच्या पिशव्या उपसल्या असतील मी! पेटवावंसं वाटलं तर आधी हाक मारा, आम्ही कुठे लांब राहतो? घमेलं घेऊन पाच मिनिटांत येते. एक हाक मारता येत नाही?

निखाऱ्यांवर चार बादल्या ओतल्या तेव्हा कुठे धूर थांबला. मग नखाने साल किंचित खरवडून पाहिली. मागच्या बाजूला आत हिरवं, ओलं. आगीच्या बाजूला तपकिरी, शिजल्यासारखं. सुतळीने मोजलं, निम्म्याहून कमी घेर गेलाय. म्हणजे वाचूही शकेल. रविवारी त्या आळ्यात पुन्हा पाचोळा घालायचाय, पण आणू कुठून, होता नव्हता तेवढा सगळा जाळून टाकलात.