धुराची गाडी नको, काथ्या आणा

पाऊस लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, "धुरळणीची गाडी कधी येणार?" गाडी येते, डिझेलचा वास घरभर पसरतो, पोरं धुरामागे पळतात, कुणीतरी फोटो टाकतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मला नाही वाटत. धुराने मरतो तो उडता डास, तोही धूर अंगावर आला तर. डेंग्यूवाली एडिसची मादी तेव्हा पलंगाखाली नाहीतर टांगलेल्या कपड्यांत निवांत बसलेली असते. आणि तिच्या अंड्यांना तर धुराचं काही सोयरसुतकच नाही.

ही अंडी ती पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला एकेक करून चिकटवते. टॉर्च मारून बघा, मोहरीपेक्षा बारीक, लांबट काळे ठिपके दिसतील. घालताना पांढरी असतात, काही तासांत काळी पडतात. पिंप महिनोन्‌महिने कोरडं राहिलं तरी आतला जीव तग धरतो. पुन्हा पाणी चढलं की अळी बाहेर.

आता खरी गंमत. आपल्याला शिकवलेलं चक्र असं: मादी रुग्णाला चावते, विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण 8 ते 12 दिवस जातात, मग ती दुसऱ्याला चावते. पण वाटेत तो विषाणू अंडाशयातही शिरू शकतो. रुग्णाचं रक्त पिऊन तिने घातलेली पहिली अंडी बहुतेक सुटतात, कारण ती तीन-चार दिवसांतच तयार होतात आणि विषाणू तोवर तिथे पोचलेला नसतो. धोका पुढच्या खेपांना.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. 1980च्या दशकातच रंगूनमध्ये उघड्यावरून गोळा केलेल्या अळ्यांत हा विषाणू सापडला होता. बाहेर पकडलेल्या नर डासांतही सापडतो. नर रक्त पीतच नाही, फुलांच्या रसावर जगतो. मग त्याच्याकडे विषाणू आला कुठून? आईकडून! जोधपूरच्या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या कामात तर डेंग्यू-3 हा प्रकार डासांच्या सलग सात पिढ्यांत उतरलेला दाखवला. म्हणजे अशी एखादी मादी जन्मतःच विषाणू घेऊन येते, रुग्णाला चावण्याची तिला गरजच नाही.

लगेच घाबरून फॉरवर्ड करू नका. असं अंडं विरळाच, शेकड्या-हजारांत एखादं. डेंग्यू वर्षानुवर्षं टिकतो तो केवळ या वाटेने नव्हे, असं गणिती मॉडेलवाले म्हणतात. लक्षणं न दिसणारी, डॉक्टरकडे कधीच न गेलेली माणसं त्याला जास्त सांभाळतात. मला हा आक्षेप पटतो. पण त्याने माझं म्हणणं कुठे बदलतं? विषाणू नसलेल्या अंड्यातूनही डासच निघणार आहे, आणि तो उद्या शेजारच्या तापवाल्याला चावणारच आहे.

म्हणून माझा राग आपल्या "कोरडा दिवस" पाळण्याच्या पद्धतीवर आहे. आपण बादली उपडी करतो, पिंप रिकामं करतो, तासाभराने नळ आला की त्याच पिंपात पाणी भरतो. अळ्या गेल्या, अंडी भिंतीला तशीच. वर आपणच त्यांना पाणी पाजलं! घासल्याशिवाय कोरडा दिवस होत नाही. काथ्या घ्या, पाण्याच्या रेघेवर जोर लावून गोल फिरवा. घासलेलं पाणी गटारात नको, उन्हात तापलेल्या मातीवर ओता.

आणि हे काम जुलैत पहिला रुग्ण सापडल्यावर कशाला? राष्ट्रीय डेंग्यू दिवस 16 मेला असतो, तो पावसाच्या आधी आहे म्हणूनच बरा. मेमध्ये पिंपं तशीही अर्धी रिकामी असतात, कूलर चालू असतो, गच्चीवरचे टायर आणि फुटक्या कुंड्या कोरड्या पडलेल्या असतात. अंडी तेव्हाच तिथे वाट बघत असतात. ग्रुपवर बॅनरचा फोटो टाकण्याऐवजी त्या दिवशी तासभर गच्चीवर या.

कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या ताटल्या ज्याच्या त्याने घरी घासाव्यात. सामायिक टाक्यांची झाकणं, पंपाजवळचं पिंप आणि वॉचमनकाकांचा रांजण माझ्याकडे. दोन माणसं आणखी लागतील, काथ्या मी आणतो.